मिटवून टाकू नका!

कोल्हापूरकरांनो,

तुमच्या घरातलं, भावकीतलं किंवा गल्लीतलं कुणी अलीकडे रस्त्यावरच्या अपघातात गेलं असेल, किंवा जायबंदी होऊन अंथरुणाला खिळलं असेल, तर हे आवाहन आजच त्या घरापर्यंत पोचवा. घाई करायचं कारण आहे. अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करावा, असं मोटार वाहन कायद्याच्या १६६व्या कलमात आता लिहिलेलं आहे. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत लागू झाली. त्याआधी १९९४ पासून अशी मुदतच नव्हती, त्यामुळे ‘क्लेम काय, कधीही टाकता येतो’ हे गावोगावी लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदत टळली म्हणून कुणाचा अर्ज फेटाळू नये. म्हणजे ज्यांचे सहा महिने उलटून गेले त्यांनीही हातपाय गाळू नयेत, लगेच वकील गाठावा. पण ज्यांची मुदत अजून शिल्लक आहे, त्यांनी या आदेशाच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये. तो आदेश अंतरिम आहे.

मी वकील नाही. अपघात झालेल्या घरांबरोबर कागदांसाठी पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट अशा खेपा मात्र घातल्या आहेत, आणि त्यातून झालेलं मत ठामपणे मांडतो. भरपाईचा दावा कोर्टात बुडतो त्याहून जास्त तो पहिल्या पंधरा दिवसांत बुडतो. आणि तो बुडवणारी माणसं बहुतेक वेळा आपलीच असतात, चांगल्या मनाची असतात.

घरात मयत झालेली आहे. रक्षाविसर्जन उरकलं आहे, दहावं व्हायचं आहे. अशा वेळी गावातला कुणी वजनदार माणूस येऊन बसतो. ‘झालं ते झालं. माणूस काय परत येणार हाय का? समोरचा पण आपल्यातलाच हाय. दवाखान्याचं सगळं ते बघत्यात, तुम्ही फिर्यादीच्या भानगडीत पडू नका.’ मग पाचशेच्या स्टँपवर मजकूर तयार होतो : अपघात नजरचुकीने झाला, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही. ज्या बाईचा नवरा गेला ती पदर डोक्यावर घेऊन आत बसलेली असते. कागद आत जातो आणि अंगठा किंवा सही होऊन बाहेर येतो. तिला तो वाचूनही दाखवला जात नाही.

या कागदाने काय होतं, ते नीट समजून घ्या. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचं ३०४-अ आणि १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं १०६वं कलम, आपसात तडजोडीने मिटवता येणारा गुन्हाच नाही. त्यामुळे स्टँपवर काहीही लिहिलं तरी समोरच्याची केस त्याने संपत नाही. संपतं ते तुमच्या बाजूचं बळ. इन्शुरन्स कंपनीचा वकील तोच कागद भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवतो आणि विचारतो, ‘तुम्हीच लिहून दिलंय ना, चालकाची चूक नव्हती म्हणून?’

‘समोरचा आपल्यातलाच आहे’ या वाक्याला माझं उत्तर असं. असू दे. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो नेमका अशाच प्रसंगासाठी. गाडीचा विमा चालू असेल आणि चालकाचा परवाना नीट असेल, तर भरपाईची रक्कम गाडीमालकाच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. मालकाने वर्षानुवर्षं हप्ता भरला तो याचसाठी. तुम्ही क्लेम टाकल्याने शेजाऱ्याचं रान विकलं जात नाही. उलट आपसात मिटवताना तो लाख-दोन लाख स्वतःच्या पदरचे देतो, तुम्ही हक्काचे कितीतरी जास्त सोडता, आणि ज्या कंपनीने हप्ते घेतले ती मोकळी राहते. हे एकदा गावातल्या मोठ्या माणसांच्या ध्यानात आलं, तर निम्म्या तडजोडी थांबतील असं मला मनापासून वाटतं. म्हणून सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, भावकीतले कर्ते, तुम्हाला हात जोडून सांगतो : बांधावरून झालेलं भांडण जरूर मिटवा, पण अपघात मिटवायला बसू नका. बसायचंच असेल तर गाडीमालकाला विम्याची पॉलिसी घेऊन या म्हणावं.

आता दवाखान्यातली गोष्ट. माझ्या लेखी या आवाहनातली ही सगळ्यात महत्त्वाची बाब आहे.

जखमीला घेऊन माणसं सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात धावतात. रक्त थांबत नसतं, आणलेल्याचे कपडे माखलेले असतात. टेबलावरचा डॉक्टर किंवा कर्मचारी विचारतो, ‘कसं लागलं?’ आणि पोलिसांचं लचांड नको म्हणून, किंवा घाबरून, बरोबरचा माणूस म्हणतो, ‘गाडीवरून पडला.’ तेवढं एक वाक्य केसपेपरवर उतरतं : गाडीवरून पडून जखमी. धडक देणाऱ्या चारचाकीचं नाव नाही, नंबर नाही. पुढे पाचव्या-सहाव्या दिवशी, खर्चाचा आकडा बघितल्यावर, फिर्याद दिली जाते की अमुक गाडीने मागून ठोकलं. मग वर्षभराने साक्षीच्या पिंजऱ्यात पहिला प्रश्न येतो तो याच ओळीवरून. खरं घडलेलं असूनही ते बनावट वाटायला लागतं. कारण खोटे क्लेमही टाकले जातात, नसलेली गाडी दाखवली जाते, हे न्यायाधीशांनाही ठाऊक आहे. काही लोकांच्या त्या लबाडीची किंमत खऱ्या जखमींना मोजावी लागते. तेव्हा कुणी कितीही सुचवलं तरी खोटी गाडी उभी करू नका. आणि दवाखान्यात पहिल्या मिनिटाला खरं ते सांगा : कुठे, किती वाजता, कशाने धडक दिली. नंबर पाहिला असेल तर तो लिहून घ्यायला लावा. नोंद एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून झाली ना, हे विचारा. जखमी बेशुद्ध असेल तर ज्याने आणलं त्याने सांगावं.

आणणाऱ्याने घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. केंद्र सरकारच्या योजनेत जीव वाचवणाऱ्याला पंचवीस हजारांचं बक्षीसही आहे. कोल्हापूरला हे शिकवायची गरज नाही म्हणा. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली, पुण्याच्या बालेवाडीचे तेरा जण गेले, तेव्हा थंडीच्या दिवसांत मध्यरात्री पाण्यात उतरलेले परिसरातले तरुण कुणाच्या बोलावण्याची वाट बघत थांबले नव्हते. त्या अपघाताच्या निमित्ताने आणखी एक सांगण्यासारखं आहे. परगावच्या कुटुंबाला वाटतं, अपघात कोल्हापुरात झाला म्हणजे खेटे कोल्हापूरलाच घालायचे. तसं नाही. अपघात जिथे घडला तिथे, किंवा अर्जदार जिथे राहतो तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथेही अर्ज करता येतो. आणि बसमधले प्रवासी ज्या बसमध्ये होते त्याच बसच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवरही दावा करू शकतात. ‘आपलीच गाडी होती, मग कुणावर करणार’ असं म्हणून गप्प बसू नये.

३ जून २०२४ चा सायबर चौक आठवा. भरदुपारी एका चारचाकीने चौकात दुचाकींना उडवलं. ते चित्रीकरण घराघरात मोबाइलवर पाहिलं गेलं. त्यात दुचाकीवरची तरुण मुलं गेली आणि गाडी चालवणारे वयोवृद्ध गृहस्थही गेले. अशा वेळी लोक म्हणतात, ‘ज्याच्या हातून झालं तोच राहिला नाही, आता केस कुणावर?’ फौजदारी केस चालकाच्या मृत्यूबरोबर संपते, हे खरं. भरपाईचा दावा संपत नाही. तो गाडीच्या मालकावर, त्याच्या वारसांवर आणि विमा कंपनीवर उभा राहतो. चालक खटल्यातून सुटला तरी दावा आपोआप पडत नाही, कारण फौजदारी कोर्टात लागतो तेवढा कडक पुरावा इथे लागत नाही. शक्यतेचं पारडं कुणीकडे झुकतं एवढंच बघितलं जातं. आणखी एक समज असाच काढून टाकला पाहिजे : हेल्मेट नव्हतं, तिघं बसले होते, म्हणून काही मिळणार नाही. नुसतं तिघं बसले होते एवढ्यावरून दुचाकीवाल्याचा दोष धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. दोष थोडा असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते, सगळी जात नाही.

किती मिळू शकतं याचा अंदाज नसल्यानेच माणसं कमी रकमेवर सही करतात. म्हणून एक हिशेब इथे मांडतो. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा ३२ वर्षांचा माणूस गेला. पगार महिना १५,०००. मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. वर्षाचे झाले १,८०,०००. चाळिशीच्या आतला, कायम नोकरी नसलेला माणूस, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे : २,५२,०००. अवलंबून असलेले चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १,८९,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणून येतात ३०,२४,०००. त्यावर अंत्यविधीचा खर्च, सहवासाला मुकल्याची भरपाई वगैरे वेगळी, आणि बहुधा अर्जाच्या तारखेपासून व्याजही. हे गणित माझ्या मनचं नाही. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी घालून दिलेली ही पद्धत आहे आणि देशभरातली न्यायाधिकरणं तिच्यावरच चालतात. आता पाचशेच्या स्टँपवरचा दोन लाखांचा आकडा या तीस लाखांशेजारी ठेवून बघा.

या हिशेबात सगळा भार असतो कमाई सिद्ध करण्यावर, आणि तिथे आपली माणसं कमी पडतात. पगाराची स्लिप नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने धरतं आणि तो अंदाज सहसा तोकडाच असतो. तेव्हा घरातली कपाटं उघडा. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराच्या पगाराची वही, हुपरीच्या चांदी कारागिराकडे आलेल्या कामाच्या नोंदी, कारखान्याची ऊसबिलं, सोसायटीचा उतारा, बँकेत दर महिन्याला पडलेली रक्कम, सगळं गोळा करा. शेतकरी गेला तर कंपनीचा वकील म्हणणार, ‘जमीन तर आहे तिथेच आहे, उत्पन्न कुठे बुडालं?’ त्याला उत्तर म्हणून तो माणूस स्वतः काय काय करत होता, ट्रॅक्टर कोण चालवत होतं, पाणी कोण पाजत होतं, हे साक्षीत यायला हवं.

आणि बाई गेली तर? इथे मला जास्त राग येतो. ‘त्या काही कमवत नव्हत्या, घरीच होत्या’ असं कधी कधी तिच्या सासरची माणसंच सांगून टाकतात. अहो, पहाटे उठून दोन म्हशींची धार काढून, कॅन घेऊन डेअरीवर कोण जात होतं? दूध संस्थेच्या पुस्तकात नाव कुणाचं आहे ते आधी काढून बघा. कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचं नाव असलं तरी गोठा कोण सांभाळत होतं, हे संस्थेचा सचिव सांगू शकतो, शेजारीण सांगू शकते. बरं, एकही म्हैस नसली तरी घरकामाला पैशातलं मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने आजवर अनेकदा, अगदी जानेवारी २०२१ मध्येही, स्पष्ट केलं आहे. तिच्या कष्टाची किंमत शून्य लिहून घेऊ नका.

जो वाचला पण अधू झाला, त्याने डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिलं, गाडीभाड्याच्या पावत्या एका जागी ठेवाव्यात आणि उपचार संपल्यावर दिव्यांगत्वाचा दाखला काढावा. दाखल्यावरचे टक्के आणि कमाईतली घट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. पाय अधू झालेल्या ट्रकचालकाचं तर पोटच गेलं, कागदावर टक्के काहीही असोत. हे वकिलाला ठासून मांडायला लावा. उपचाराच्या खर्चाचंही एक : मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात रोख न भरता मिळायला हवेत. दवाखान्यात त्याबद्दल विचारा. नाही म्हटलं तर ‘नाही’ असं लिहून द्या म्हणा.

धडक देऊन गाडी पळून गेली असेल, जसं किणीपासून कागलपर्यंत महामार्गावर रात्री घडतं, तर त्या घरातली माणसं सगळ्यात आधी आशा सोडतात. त्यांच्यासाठी २०२२ ची वेगळी योजना आहे. मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार. अर्ज आपल्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की महिनाभरात गाडी सापडली नाही, तर पोलीस ठाण्याने या योजनेची माहिती वारसांना लेखी कळवावी. तुम्हाला तसं पत्र आलं नसेल तर ठाण्यात जाऊन मागा.

आणि खड्डा? पावसाळ्यात खड्ड्यात आदळून दुचाकीवरून पडलेला माणूस मागच्या गाडीखाली जातो, आपण हळहळतो आणि नशिबाला बोल लावतो. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्डा किंवा उघडं मॅनहोल यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख, संबंधित महापालिकेने किंवा रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेने द्यावेत. ते ठरवण्यासाठीच्या समितीत महापालिकेच्या बाबतीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. तेव्हा खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण अपघातानंतर तो खड्डा मात्र तातडीने बुजतो. ज्या शहराने गोविंद पानसरे आणि एन. डी. पाटील यांच्यासारख्यांना पुढे ठेवून टोल घालवला, त्याने या आदेशाची अंमलबजावणी करून घेणं अवघड नाही.

ऊसतोडीच्या हंगामातलं बघा. गगनबावडा, राधानगरी, सांगली, कुठलाही रस्ता घ्या, रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कडेला उभा असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यावर आदळलेल्या दुचाकीस्वाराला सगळे म्हणतात, ‘हाच जाऊन धडकला.’ उभ्या वाहनाचाही निष्काळजीपणा असू शकतो. पंचनाम्यात दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, ट्रॉली रस्त्यावर किती आत होती, हे आलंच पाहिजे, म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरातल्या शहाण्या माणसाने तिथे हजर राहावं. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा विमा आहे का, तेही विचारावं. कारखान्यांच्या संचालकांनाही विनंती आहे : प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल रेडियमची पट्टी लागल्याशिवाय ती गव्हाणीकडे सोडू नका. तुमच्या एका दिवसाच्या गाळपापुढे तो खर्च काहीच नाही.

स्वतःच्या चुकीने गाडी घसरून मालकच गेला, तरी घर रिकाम्या हाती राहीलच असं नाही. पॉलिसीत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं आहे का, ते पाहा. बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसत असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, तिचे दोन लाख मिळतात. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून मृत्यूनंतर दोन लाखांचं सानुग्रह अनुदान आहे, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लवकर जावं.

वकिलाबद्दल स्पष्ट बोलतो. दवाखान्याच्या दारात उभे राहून ‘खर्च काही नाही, निकाल लागल्यावर इतके टक्के द्या’ असं म्हणणारे एजंट टाळा. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या चेकवर सही देऊ नका. कोल्हापुरात सचोटीचे वकील भरपूर आहेत, आणि ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका कोर्टांत तालुका समित्या आहेत. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर, मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००. लोकअदालतीत तडजोड चांगली होऊ शकते, पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून वर सांगितलेला हिशेब स्वतः करूनच हो म्हणा. कंपनी कलम १६४ खाली, म्हणजे चूक कुणाची ते न बघता मिळणारे, पाच लाख घ्या म्हणाली, तरी वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. ते स्वीकारलं की १६६ खालचा मोठा दावा संपतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे यावं म्हणून दशकानुदशकं आंदोलन केलं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सर्किट बेंचचं काम सुरू झालं. या सहा जिल्ह्यांतल्या अपघाताच्या अपिलांसाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. निकाल कमी रकमेचा लागला तर नव्वद दिवसांत अपील करायची सोय चालत जाण्याच्या अंतरावर आली आहे. एवढं मिळवून ती पायरी आपणच टाळायची का?

पोलीस बांधवांनाही मनापासून विनंती. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा, आणि जखमीचे हक्क सांगणारा नमुना त्याच्या हातात पडायला हवा. तुमच्यावर बंदोबस्ताचा ताण किती असतो ते दिसतं. तरी हा एक अहवाल वेळेत गेला तर न्यायाधिकरण तोच भरपाईचा अर्ज मानू शकतं, आणि एका विधवेच्या कितीतरी खेपा वाचतात.

तालमी आणि मंडळांकडे मागणं थोडं मोठं आहे. गणपतीत, महापुरात तुमची पोरं रात्र रात्र उभी असतात. तुमच्यातल्या एका-दोघांनी हे काम अंगावर घ्या. पेठेत, गल्लीत अपघात झाला की त्या घरात जायचं, फिर्यादीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीचा नंबर आणि पॉलिसी मिळवून द्यायची, अपघाताची तारीख आणि सहा महिन्यांनंतरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवायची, आणि तिसऱ्याच दिवशी स्टँप घेऊन येणाऱ्याला ‘काका, आधी फिर्याद होऊ द्या’ असं सांगायला दारात बसायचं. त्या घरातल्या बाईला एकटीला कागदावर सही करू देऊ नका.

शेवटचं मागणं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडे. रिक्षावाले, पेट्रोल पंपावरचे कामगार, वडापचे ड्रायव्हर, चहाच्या टपरीवाले, रात्रपाळी सुटून येणारे कामगार : तुम्ही नंबर पाहिला असेल, गाडी कुठल्या बाजूने आली ते पाहिलं असेल, तर तपासी अंमलदाराकडे जाऊन जबाब द्या. आणि ज्यांच्या दुकानावर, बंगल्यावर, पंपावर कॅमेरा आहे, त्यांनी पोलीस मागायला येईपर्यंत थांबू नये. फुटेज आजच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा आणि ठाण्यात पोच घेऊन द्या. बहुतेक कॅमेऱ्यांत थोड्याच दिवसांत जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढतं.